पारिजातकाचा काढा आणि हिवताप: वनस्पतीचा अर्क तपासायचा तो असा

"मॅडम, आमच्याकडे तापावर पारिजातकाची पानं देतात. हमखास गुण येतो." एम.फार्म.ला आलेली मुलं दरवर्षी असं काहीतरी घेऊन येतात. झाड बदलतं. कधी सातवीण, कधी गुळवेल, कधी ओलेकिराईत. वाक्य तेच. यावर मी पहिल्यांदा विचारते ते तापाबद्दल. रक्त तपासलं होतं का? आणि गुण आला म्हणजे नेमकं काय झालं, ताप उतरला की रक्तातले परजीवी गेले?

व्हायवॅक्स या परजीवीचा हिवताप एक दिवसाआड येतो. मधल्या दिवशी माणूस काहीही न घेता उठून कामाला लागतो, त्यामुळे आदल्या रात्री जे पाजलं असेल ते औषध ठरतं. ज्या भागात हिवताप मुक्कामाला असतो, तिथल्या मोठ्या माणसांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्तीही आलेली असते. म्हणून गावातली माहिती मोलाची असली तरी ती पुरावा होत नाही. तिथून पुढे काय करायचं ते या लेखात आहे. ज्यांना प्रयोगशाळा उपलब्ध आहे आणि जे हा विषय संशोधनासाठी घेणार आहेत, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. घरी ताप आला तर रक्त तपासून घ्यायचं आणि डॉक्टर देतील त्या गोळ्या पुऱ्या करायच्या, त्यात या लेखाचं काही काम नाही.

उदाहरणाला पारिजातकच घेते. 'समजा' म्हणून दिलेले आकडे हिशेब कळावा म्हणून आहेत, पारिजातकाचे निष्कर्ष म्हणून नाहीत. आणि एक सवय सुरुवातीलाच लावून घ्या: प्रत्येक प्रयोग अर्क नापास करण्यासाठी मांडायचा. इतकं करून जो उरेल तो पुढे न्यायचा.

आधी दोन झाडांच्या गोष्टी

कोरोनाच्या काळात आयुष-64 हे नाव घरोघरी पोचलं. ते मुळात हिवतापासाठीच तयार झालं होतं. सातवीणीची साल, कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोट्याचं बी, असे त्यातले घटक. व्हायवॅक्सच्या रुग्णांत त्याची क्लोरोक्विन या हिवतापावरच्या औषधाशी तुलना करून निष्कर्ष 2000 साली 'करंट सायन्स'मध्ये छापून आले. 28 दिवसांअखेर क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे होते, आयुष-64 घेतलेल्यांपैकी जवळपास निम्मेच. शेजारी क्लोरोक्विनचा गट नसता, तर "निम्मे रुग्ण काढ्याच्या गोळ्यांनी बरे" अशी बातमी झाली असती. तुलनेविना आलेल्या आकड्याची किंमत एवढीच.

दुसरी गोष्ट आफ्रिकेतल्या माली देशाची, पण झाड आपल्या बांधावरचं आहे: पिवळा धोतरा, म्हणजेच बिलायत. मालीत संशोधकांनी आधी घरोघरी विचारलं, कुणाला कशानं बरं वाटलं. त्यातून हे झाड पुढे आलं. मग त्याच्या काढ्याची मात्रा ठरवली आणि नंतर प्रचलित औषधाशी तुलना करणारी चाचणी घेतली, ती 2010 साली प्रसिद्ध झाली. माणसांतल्या अनुभवापासून प्रयोगशाळेकडे उलटं येण्याच्या या वाटेला 'रिव्हर्स फार्माकॉलॉजी' म्हणतात. आपल्याकडे मुंबईच्या डॉ. अशोक वैद्यांनी ती लावून धरली. आता याच बिलायतीचं बी मोहरीच्या तेलात मिसळलं गेलं, तेव्हा 1998 साली दिल्लीत माणसांचे पाय सुजले, हृदयं निकामी झाली, माणसं दगावली. बियांच्या तेलातलं सँग्विनारिन हे त्यामागचं विष. म्हणून "बिलायत सुरक्षित आहे का?" या प्रश्नाला उत्तरच नाही. कोणता भाग, कसा काढलेला, किती, हे सांगा, मग बोलू.

पायरी 1: झाड कोणतं, हे कागदावर आणा

पारिजातक ओळखायला सोपा. पानावरून बोट फिरवलं की पॉलिश पेपरसारखं खरखरीत लागतं. सगळी झाडं इतकी दयाळू नसतात. बाजारात किराईत मागितलं तर एक दुकानदार काडेचिराईत देईल, दुसरा ओलेकिराईत. दोन्ही कडूजहर, पण झाडं वेगळी, कुळं वेगळी, रसायनं वेगळी. त्यामुळे बाजारातून आणलेल्या पुडीवर प्रयोग करू नका. स्वतः गोळा करा.

फुलाफळासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून वाळवा आणि हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, द्या. पुण्याची आघारकर संशोधन संस्था, पुण्यातलंच भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र, मुंबईच्या सेंट झेवियर्समधलं ब्लॅटर हर्बेरियम, यांपैकी जे जवळ असेल ते. तिथून ओळख आणि नमुना क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसेल तर पुढचे सगळे आकडे अनाथ. वहीत तारीख, ठिकाण, झाड फुलोऱ्यावर होतं का, पानं कोवळी की जून, हेही लिहा. श्रावणातलं पान आणि चैत्रातलं पान रसायनाच्या दृष्टीनं सारखं असेलच असं नाही.

माहिती देणाऱ्या आजींकडे दहा मिनिटं जास्त बसा. किती पानं? किती पाण्यात, किती आटवून? उपाशीपोटी का? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: कुणाला देत नाहीत? "पोटुशीला नको" असं उत्तर आलं तर विषाक्ततेच्या अभ्यासाचा पहिला धागा तुमच्या हातात फुकट पडला.

परवानग्यांचं काम याच टप्प्यावर सुरू करा. जैवविविधता कायदा 2002 चा आहे आणि त्यात 2023 साली दुरुस्ती झाली. गावाच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीला कळवा. राज्याचं मंडळ नागपूरला आहे. नमुने परदेशी जाणार असतील किंवा पेटंटचा विचार असेल तर चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाशी गाठ आहे. माहिती देणाऱ्याची संमती लेखी घ्या आणि फायद्यात त्यांचा वाटा काय, हे तेव्हाच बोला. नंतर बोलू म्हणणारे नंतर बोलत नाहीत.

पायरी 2: अर्क, आणि तो परत तसाच काढता येईल अशी नोंद

पानं धुवा, पाणी निथळू द्या आणि सावलीत पसरा. मधली शीर वाकवल्यावर कट्कन मोडली की वाळली असं समजा. नुसती लवली तर अजून थांबा. पावसाळ्यात बुरशी धरते. तेव्हा 40 अंशांखाली ठेवलेला ओव्हन बरा. वाळलेली पानं दळून चाळा आणि भुकटीचं वजन घ्या.

अर्क किमान दोन करा. एक लोक घेतात तसा, म्हणजे पाण्यातला काढा. दुसरा 80 टक्के इथेनॉलमध्ये, न तापवता, तीन दिवस भिजवून आणि अधूनमधून हलवून. न तापवता का, याचं उत्तर चीनमध्ये आहे. हिवतापाचं औषध शोधायला 1967 साली सुरू झालेल्या 'प्रकल्प 523' मध्ये तू यूयू यांच्या चमूला छिंगहाओ (आर्टेमिसिया) या झाडाचे अर्क कधी चालताना दिसत, कधी नाही. चौथ्या शतकातल्या क हुंग यांच्या ग्रंथात एक ओळ होती: मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवा, पिळा, रस प्या. उकळण्याचा उल्लेखच नव्हता. यूयूंनी कमी तापमानाला उकळणारा ईथर वापरला आणि 4 ऑक्टोबर 1971 ला 191 क्रमांकाचा नमुना उंदरांतल्या परजीवींवर शंभर टक्के चालला. त्यातून आर्टेमिसिनिन हे औषध मिळालं, 2015 चं नोबेल मिळालं. उकळून नासणारं रसायन तुमच्या पानातही असू शकतं. आणि उलटही होतं: इथेनॉलमध्ये उतरलेलं रसायन पाण्याच्या काढ्यात औषधालाही नसतं. मग "पारंपरिक काढा प्रभावी" असं शोधनिबंधात लिहायचा अधिकार तुम्हाला राहत नाही.

इथेनॉल रोटरी इव्हॅपोरेटरवर 40 अंशांच्या आसपास उडवा. काढा फ्रीझ ड्रायरवर वाळवा. समजा 100 ग्रॅम भुकटीतून 8 ग्रॅम अर्क आला, तर उतारा 8 टक्के. हा आकडा ठळक लिहून ठेवा. मात्रेचा सगळा हिशेब पुढे त्याच्यावर येतो. अर्क तपकिरी बाटलीत, ओलावा लागू न देता, उणे 20 अंशांना ठेवा.

प्रत्येक घाण्याचा एचपीटीएलसी ठसा काढा, म्हणजे अर्कातली रसायनं वेगवेगळ्या पट्ट्यांत मांडून दाखवणारं चित्र. पुढच्या वर्षीचा अर्क याच अर्काचा भाऊ आहे की तोतया, ते त्यावरून कळतं. जड धातूही मोजून घ्या. आपल्याकडच्या औषधी वनस्पतींसाठी शिसं 10, आर्सेनिक 3, पारा 1 आणि कॅडमियम 0.3 पीपीएम या मर्यादा आहेत. रस्त्याकडेची पानं इथेच बाद होतात, आणि ती इथेच बाद झालेली बरी.

पायरी 3: प्लेट

फाल्सिपॅरम हा परजीवी माणसाच्या तांबड्या पेशींत प्रयोगशाळेत सलग वाढवता येतो, हे ट्रेगर आणि जेन्सन यांनी 1976 साली दाखवलं. आजही पद्धत मूळची तीच: आरपीएमआय 1640 माध्यम, 37 अंश, भरपूर नायट्रोजन आणि ऑक्सिजन व कार्बन डायऑक्साइड पाच-पाच टक्के. काम जैवसुरक्षा पातळी 2 च्या खोलीत करायचं. सुई टोचली तर खरा हिवताप होतो, हे नव्या मुलांना पहिल्या दिवशी सांगा. रक्तदात्यानं अलीकडे डॉक्सीसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन घेतलं होतं का, हेही विचारून घ्या. ही प्रतिजैविकं परजीवीलाही मारतात, आणि मग कल्चर का वाढत नाही म्हणून आठवडाभर डोकं खाजवत बसावं लागतं.

परजीवींचे निदान दोन वाण घ्या. क्लोरोक्विनला दबणारा 3डी7 आणि न दबणारा डीडी2 किंवा के1. तुमचा अर्क दोघांवर सारखाच चालला तर क्लोरोक्विनला न दबणं त्याच्या आड येत नाही, हे कळतं.

कामाचा क्रम असा ठेवा:

1. तांबड्या पेशी तीनदा धुऊन वरचा पांढरा थर काढून टाका. पांढऱ्या पेशींत डीएनए असतो आणि आपण शेवटी डीएनएच मोजणार आहोत.

2. पाच टक्के सॉर्बिटॉल देऊन सगळे परजीवी अंगठीच्या अवस्थेत आणा. मोठे परजीवी असलेल्या पेशी फुटतात, लहानग्यांच्या टिकतात.

3. अर्क डीएमएसओ या विद्रावकात 20 मिलिग्रॅम प्रति मिली विरघळवा. तो माध्यमात शंभरपट पातळ केला की 200 मायक्रोग्रॅम प्रति मिली होतो आणि डीएमएसओ 1 टक्का. पुढे 1 टक्का डीएमएसओ घातलेल्या माध्यमातच निम्मं-निम्मं करत आठ मात्रा करा. साध्या माध्यमात पातळ केलात तर दर वेलला (प्लेटमधल्या खळग्याला) डीएमएसओही बदलत जातो.

4. 96 वेलच्या प्लेटमध्ये हे द्रावण 50 मायक्रोलिटर, त्यावर 4 टक्के हिमॅटोक्रिट (तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि 1 टक्का परजीवी असलेलं रक्त 50 मायक्रोलिटर. आता अर्क 100 पासून 0.78 मायक्रोग्रॅमपर्यंत, डीएमएसओ 0.5 टक्के, हिमॅटोक्रिट 2 टक्के. कडेच्या वेलमध्ये नमुने घालू नका, नुसतं माध्यम भरा. कडा आधी सुकतात.

5. 72 तास ठेवा. मग सायबर ग्रीन (डीएनएला चिकटून चमकणारा रंग) घातलेलं पेशी फोडणारं द्रावण 100 मायक्रोलिटर, अंधारात तासभर, आणि 485 नॅनोमीटरवर प्रकाश देऊन 530 ला वाचन.

प्लेटवर कंट्रोल किती आणि कोणते, यावर प्रयोग तरतो किंवा बुडतो. परजीवी आणि डीएमएसओ, अर्क नाही. निरोगी रक्त, परजीवी नाहीत. क्लोरोक्विन, ज्याचा 3डी7 वरचा आयसी-50 (परजीवींची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा) दहा ते तीस नॅनोमोलरच्या आसपास यायला हवा. तो भलताच आला तर बाकीची प्लेट बघूच नका. आणि मुलं हमखास विसरतात तो चौथा: अर्क अधिक निरोगी रक्त. त्याची गरज पुढच्या पायरीत कळेल.

तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, नव्यानं बनवलेल्या द्रावणांनी केले तर तीन. कच्च्या अर्काचा आयसी-50 पाच मायक्रोग्रॅमच्या आत आला तर कान टवकारा, पाच ते पंधराला पुढे जायला हरकत नाही, पन्नासच्या वर गेला तर झाड सोडा. या रेघा प्रत्येक प्रयोगशाळा थोड्या वेगळ्या ओढते, पण शंभर मायक्रोग्रॅमला "लक्षणीय परिणामकारकता" म्हणणारे निबंध मी खाली ठेवते.

पायरी 4: आकडा कुठे कुठे फसवतो

पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी एका शेंगेच्या सालीच्या अर्काचा आयसी-50 मला तीन मायक्रोग्रॅम आला. मी पेढे आणायला निघाले होते. आमच्या प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ काका काही बोलले नाहीत. त्यांनी अजून सायबर ग्रीन न घातलेली जोडप्लेट उचलली आणि खिडकीशी नेऊन तिरकी धरली. कंट्रोलच्या वेलमध्ये तळाला तांबड्या पेशींचा नीट गोल ठिपका आणि वर फिकट माध्यम होतं. माझ्या अर्काच्या वेलमध्ये ठिपकाच नव्हता, तळापासून वरपर्यंत एकसारखं कोकमच्या सरबतासारखं लाल पाणी. सालीतल्या सॅपोनिननं तांबड्या पेशी फोडल्या होत्या. परजीवी राहणार कुठे? घरच पेटवून दिल्यावर ढेकूणही मरतात.

तेव्हापासून पेशी फोडणारं द्रावण घालण्याआधी प्लेट उजेडात धरते. निरोगी रक्तावर अर्क घालून वरच्या पाण्यातलं हिमोग्लोबिन 540 नॅनोमीटरच्या आसपास मोजायचं, हा साधा प्रयोग आहे, पण तो टाळला तर तुम्ही फेसाचं झाड हिवतापाचं औषध म्हणून छापाल. काही त्रिटर्पिनं पेशी फोडत नाहीत, तिचा आकार बिघडवतात, आणि परजीवीला आत शिरता येत नाही. हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. म्हणून प्रत्येक प्लेटमधल्या तीनचार वेलची काचपट्टी करून जिम्सा रंग द्या आणि स्वतः बघा. मेलेला परजीवी काळसर ठिपक्यासारखा आक्रसलेला असतो.

टॅनिन प्रथिनांना चिकटतं आणि भेटेल त्याला गळामिठी मारतं. प्लेटमध्ये प्रभावी, पोटात गेल्यावर निकामी. पानांच्या इथेनॉल अर्कातलं क्लोरोफिल सायबर ग्रीनचा प्रकाश गिळतं, त्यामुळे परजीवी असतात तेवढे दिसत नाहीत. अर्क आंबट असेल तर माध्यमाचा पीएच घसरतो आणि परजीवी नुसत्या आंबटपणानं खंगतात; माध्यमाचा रंग पिवळटला का, ते पाहिलं तरी पुरतं. टॅनिन पॉलिअमाइडवरून काढून, रंगासाठी वेगळं कंट्रोल लावून आणि शक्य असेल तर परजीवीचं एलडीएच हे विकर मोजण्याच्या पद्धतीनं पडताळून आयसी-50 परत काढा. दोन वेगळ्या पद्धतींनी जवळपास सारखं उत्तर आलं तर मग पेढे.

पायरी 5: माणसाच्या पेशींना काय होतं?

परजीवी तर ब्लीचनंही मरतो. म्हणून तोच अर्क सस्तन प्राण्यांच्या पेशींवर लावायचा. माकडाच्या मूत्रपिंडाच्या व्हेरो आणि माणसाच्या यकृताच्या हेप-जी2 या पेशी बहुतेक ठिकाणी मिळतात. निम्म्या पेशी मारणारी मात्रा म्हणजे सीसी-50. तिला आयसी-50 ने भागलं की निवडकता निर्देशांक मिळतो.

समजा आयसी-50 बारा आला आणि सीसी-50 नव्वद, तर निर्देशांक साडेसात. दहाच्या वर असेल तर बरं मानतात. साडेसातचा अर्क फेकायचा नाही, त्याचे अंश वेगळे करून बघायचे. पण सीसी-50 अठरा असता तर निर्देशांक दीड, म्हणजे हे औषध नव्हे, विष आहे. वही मिटा.

इथे दोन लबाड्या होतात, बऱ्याचदा नकळत. परजीवींना 72 तास अर्क द्यायचा आणि पेशींना 24 तास. पेशी साहजिकच कमी मरतात आणि निर्देशांक फुगतो. वेळ सारखाच ठेवा. दुसरी एमटीटीची. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा रंग करतात, पण वनस्पतीतली पॉलिफिनॉलं पेशींशिवायही तेच करतात. पेशी मेलेल्या असूनही वेल जांभळा, आणि अर्क "सुरक्षित". पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून बघा. जांभळं झालं तर पेशी धुऊन मग एमटीटी घाला किंवा पद्धत बदला.

पायरी 6: उंदीर

प्राण्यांवर जायचं ते नोंदणीकृत प्राणिगृहात आणि संस्थेच्या प्राणी नीतिमत्ता समितीच्या मंजुरीनंतरच. अर्जात प्राण्यांची संख्या का तेवढीच, याचं संख्याशास्त्रीय कारण द्यावं लागतं. द्यायलाच हवं.

आधी तीव्र विषाक्तता. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 423 क्रमांकाच्या पद्धतीत एका वेळी तीन माद्या घेतात. अर्काबद्दल काहीच माहीत नसेल तर किलोमागे 300 मिलिग्रॅमपासून सुरुवात, मग निकाल पाहून वर किंवा खाली. 2000 लाही काही झालं नाही तर बहुधा तिथे थांबतात. पहिले चार तास नजर हटवू नका, मग चौदा दिवस रोज वजन, खाणं, केसांची चमक, चाल. "एकही मेला नाही" ही नोंद अपुरी आहे. कोपऱ्यात फुगून बसलेला उंदीर मेलेला नसतो, पण तो काहीतरी सांगत असतो.

मग पीटर्सची चार दिवसांची चाचणी. उंदरांचा हिवताप बर्गाय या परजीवीचा. एक कोटी बाधित पेशी पोटात टोचायच्या, दोन ते चार तासांनी पहिली मात्रा, पुढचे तीन दिवस रोज एक. चौथ्या दिवशी शेपटीच्या टोकाचा थेंब, काचपट्टी, जिम्सा. गट पाच: नुसतं विद्रावक, क्लोरोक्विन आणि अर्काच्या तीन मात्रा, प्रत्येकात पाच-सहा उंदीर. मोजणाऱ्याला कोणती काचपट्टी कोणत्या गटाची हे कळता कामा नये. चिठ्ठ्या दुसऱ्यानं लावायच्या.

समजा विद्रावक गटात 20 टक्के पेशी बाधित आणि अर्काच्या गटात 9 टक्के. वीसमधून नऊ गेले अकरा, भागिले वीस, म्हणजे 55 टक्के दमन. एक प्रचलित माप असं: 50 टक्के दमन किलोमागे 500 मिलिग्रॅमला मिळालं तर मध्यम, 250 ला चांगलं, 100 ला फार चांगलं. तीस दिवस जगण्याची नोंदही ठेवा. चौथ्या दिवशी निम्मे परजीवी आणि आठव्या दिवशी सगळे उंदीर गेले, तर त्या 55 ला फारसा अर्थ नाही.

वजनाचा तक्ता इथेही लागतो. कडू अर्कानं उंदीर जेवण सोडतात, आणि उपाशी उंदरात परजीवीही कमी वाढतात. दमन अर्काचं की उपासाचं, ते वजनाशिवाय कळणार नाही.

आता एक हिशेब, जो निबंधात क्वचित दिसतो. 25 ग्रॅमच्या उंदराला किलोमागे 200 मिलिग्रॅम म्हणजे 5 मिलिग्रॅम अर्क. माणसासाठी उंदराच्या मात्रेला 12.3 ने भागतात. 200 चे झाले सुमारे 16, साठ किलोच्या माणसाला जेमतेम 1 ग्रॅम अर्क. आपला उतारा 8 टक्के, म्हणजे साधारण 12 ग्रॅम सुकी भुकटी. काढा म्हणून पोटात जाईल. परिणाम 2000 ला दिसला असता तर हेच 120 ग्रॅमच्या वर गेलं असतं, दिवसाला परडीभर पानं. असा अर्क कागदावरच प्रभावी.

उंदराचा परजीवी हा माणसाचा नव्हे, हेही डोक्यात असू द्या. प्लेटमध्ये चालून उंदरात न चालणं नेहमीचं आहे. पोटात शोषलं गेलं नाही, यकृतानं मोडलं, किंवा परजीवीच वेगळा. उलटही घडतं: यकृतात गेल्यावरच रूप बदलून कामाला लागणारी रसायनं प्लेटमध्ये गप्प बसतात.

पायरी 7: रोज घेतल्यावर

हिवतापाचं औषध तीन-चार दिवसांचं असलं तरी लोक काढा महिनाभर घेतात, हे धरून चाला. 28 दिवसांचा अभ्यास ओईसीडी 407 प्रमाणे, छोट्या उंदराऐवजी बहुधा प्रयोगशाळेतल्या रॅटवर, म्हणजे मोठ्या जातीच्या उंदरावर. यकृताचे आणि मूत्रपिंडाचे आकडे, रक्तगणना, शेवटी अवयवांचे काप. जनुकांना इजा होते का, यासाठी जीवाणूंवर केली जाणारी एम्स नावाची चाचणी. गर्भावरचा अभ्यास वेगळा आणि महाग, पण हिवतापाचा सगळ्यात जास्त धोका गरोदर बाई आणि लहान मूल यांनाच असतो, त्यामुळे तो कायमचा टाळता येत नाही. जी6पीडी हे विकर कमी असलेल्या माणसाच्या तांबड्या पेशींवर अर्क घालून बघा, मिळाल्या तर. हिवतापावरच्या प्रायमाक्विननं अशा माणसांचं रक्त फुटतं, तुमच्या अर्कानंही फुटू शकेल.

पायरी 8: माणसाकडे जाताना

इथून पुढे एकट्या प्रयोगशाळेचं काम राहत नाही. वनस्पतीचा प्रमाणित अंश औषध म्हणून आणायचा तर भारतात 2015 पासून 'फायटोफार्मास्युटिकल' अशी वेगळी वाट आहे. त्यात किमान चार घटक ओळखून मोजलेले असावे लागतात. पायरी 2 मधला एचपीटीएलसी ठसा इथे कामी येतो. चाचणीसाठी नीतिमत्ता समिती, औषध नियंत्रकांची परवानगी आणि सीटीआरआय या देशाच्या चाचणी-नोंदवहीत आगाऊ नोंदणी लागते.

सिद्ध औषध बंद करून कुणालाही नुसता अर्क देता येत नाही. फाल्सिपॅरम दोन दिवसांत मेंदूवर जाऊ शकतो. म्हणून अर्काचा विचार बहुधा जोडीला म्हणून होतो, आणि तिथे आणखी एक प्रयोग लागतो: अर्क आणि प्रचलित औषध वेगवेगळ्या प्रमाणात एकाच प्लेटवर. दोघं एकमेकांचे हात बळकट करतात की पाय ओढतात? गडचिरोलीत, जिथे हिवताप मोठ्या प्रमाणावर आहे, कुणी गोळ्यांबरोबर घरचा काढाही घेत असेल तर हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

आर्टेमिसियाच्या पानांचा चहा हिवतापावर घेऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं. ज्या झाडानं नोबेल मिळवून दिलं त्याच्याच चहाला नकार, याचं मुलांना आश्चर्य वाटतं. चहात मात्रा दर कपाला बदलते, अपुऱ्या मात्रेत परजीवी वाचतात, आणि वाचलेले परजीवी औषधाला सरावले तर आपल्या हातातलं सगळ्यात चांगलं औषध जातं. पारिजातकाचा अर्क उद्या उत्तम निघाला तरी "मग पानंच खा की" म्हणणाऱ्याला हेच उत्तर द्यावं लागेल.

काचपट्ट्या टाकू नका. अर्काच्या प्रत्येक घाण्यातला एक ग्रॅम राखून ठेवा. नापास अर्कांची वहीसुद्धा. यंदाची विद्यार्थिनी गेल्या वर्षीच्या पानांवर प्लेटपर्यंत पोचली. तिला आलेला आकडा मी इथे सांगणार नाही, कारण तो अजून एकाच घाण्याचा आहे. दुसऱ्या घाण्याची पानं सध्या आमच्या गॅलरीत वर्तमानपत्रावर पसरली आहेत. काल एक शीर वाकवून बघितली, अजून लवते आहे.